टायर आतल्या बाजूने झिजतो

परवा रविवारी ताईचा फोन. "तुझ्या भाच्याला जरा समजव रे. नवे टायर टाकून वर्ष झालं नाही आणि आता म्हणतो पुन्हा टाकायचेत. गाडी घेतलीय की हत्ती पोसलाय?"

भाचा तळोजा एमआयडीसीत एका कंपनीत शिफ्टला आहे. दोन वर्षांपूर्वी त्याने सेकंडहँड सेडान घेतली. दीडशे हॉर्सपॉवरचं टर्बो इंजिन, लाल रंग. मी चाळिशी ओलांडलेला, पत्रकारितेचा डिप्लोमा करून याच पट्ट्यात वीस वर्षं बातम्या गोळा करत फिरणारा माणूस, माझ्याकडे जुनी हॅचबॅक. त्यामुळे त्या गाडीवरून त्याला चिडवण्याची एकही संधी मी सोडलेली नाही. पण परवा चिडवायला गेलो आणि गप्प होऊन परत आलो.

झालं असं. गणपती तोंडावर आलेत. ताई, भावोजी, भावोजींची आई, भाचा आणि भाची अशी पाच माणसं याच गाडीतून माणगावच्या पुढे गावाला जाणार. निघण्याआधी हवा चेक करायला भाचा नावडे फाट्याजवळच्या एका पंक्चरवाल्याकडे गेला. तो पोरगा हवा भरता भरता खाली वाकला, पुढच्या डाव्या टायरच्या मागून हात घातला आणि म्हणाला, "भैया, ये अंदर से देखा है क्या?"

स्टिअरिंग पूर्ण वळवून बघितलं. टायरची बाहेरची बाजू एकदम ठणठणीत, नक्षी पाच मिलिमीटर तरी शिल्लक. मधला भागही ठीक. आणि आतली कड? गुळगुळीत. नुसती गुळगुळीत नाही, रबर संपून आतली तार दिसायला लागलेली. उजव्या टायरची आतली कडही त्याच वाटेवर, फक्त थोडी मागे.

तार दिसणाऱ्या टायरवर ही पाच माणसं भर पावसात पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड करत जाणार होती. मी नंतर एकट्याने विचार केला तेव्हा पोटात गोळा आला. टायर उभ्या गाडीजवळ उभं राहून बघितला की बाहेरची बाजू दिसते. आतली बाजू गाडीखाली असते. ती कोण बघतो?

"अलाइनमेंट नव्हती केलीस?" मी विचारलं.

"तीनदा केली मामा! वर्षभरात तीनदा!"

"मग त्याची प्रिंट कुठाय?"

"कसली प्रिंट?"

मंडळी, ही पोस्ट त्या प्रिंटबद्दल आहे. पण आधी थोडं गाडीचं बोलू, मग रस्त्याचं. गाडीतलं ज्यांना कळतं त्यांनी पुढचे तीन-चार परिच्छेद सोडून दिले तरी चालेल.

चपलेवरून माणसाची चाल कळते. टाच एका बाजूने झिजली असेल तर चांभार चप्पल हातात घेऊनच सांगतो की तुम्ही पाय फेंगडा टाकता. टायरचंही तसंच. दोन्ही कडा झिजल्या आणि मधला भाग शाबूत, म्हणजे हवा कमी ठेवलीत. मधला भाग झिजला, म्हणजे हवा जास्त. जागोजागी खळगे पडल्यासारखा झिजला, तर शॉकअप गेल्याची शक्यता. आणि फक्त एकच कड झिजली, तर चाक सरळ उभं नाही किंवा सरळ चालत नाही.

सरळ उभं नसणं म्हणजे कॅम्बर बिघडलेला. समोरून बघितलं तर चाक वरच्या बाजूने आत किंवा बाहेर कललेलं असतं. सरळ न चालणं म्हणजे टो बिघडलेला. वरून बघितलं तर दोन्ही चाकांची तोंडं एकमेकांकडे वळलेली किंवा एकमेकांपासून फाकलेली असतात. फाकलेली असली की आतली कड खाल्ली जाते. तिसरा कॅस्टर, तो मुख्यतः गाडी सरळ धावणं आणि स्टिअरिंग परत जागेवर येणं सांभाळतो, टायर खाण्यात त्याचा वाटा कमी.

यातला टो फार लबाड असतो. भाच्याच्या गाडीत दोन्ही चाकं मिळून तीन मिलिमीटर फाकलेली निघाली. तीन मिलिमीटर म्हणजे किती, काडेपेटीतल्या दीड काडीइतकं. पण हिशोब करा. सतरा इंची रिमवर तीन मिलिमीटर म्हणजे प्रत्येक चाक आपल्या वाटेपासून सुमारे पाचव्या हिश्श्याइतक्या अंशाने तिरकं. असं चाक एक किलोमीटर पुढे जाताना सुमारे साडेतीन मीटर आडवं घासलं जातं. भाच्याचं रोजचं जाणं-येणं तीस किलोमीटर. म्हणजे रोज शंभर मीटर त्याचा टायर डांबरावर आडवा ओढला जात होता. खोडरबर घासावं तसा. त्यात पुढच्या चाकांवर चालणारी गाडी, इंजिनाचं वजन पुढे, ओढायचं काम पुढच्याच टायरांचं, वळायचं त्यांचंच आणि ब्रेकचा मोठा भारही त्यांच्यावरच. मागचे टायर त्या मानाने पेन्शनीत.

आता तीनदा अलाइनमेंट करूनही असं का झालं? याचं उत्तर कळंबोलीच्या बाजूला एका वयस्क मिस्त्रीने दिलं. त्याने मशीन लावायच्या आधी गाडी लिफ्टवर घेतली. टॉमी घातली आणि डावीकडचा लोअर आर्म हलवून दाखवला. बुश फाटलेलं, रबर सुटून आर्म पुढे-मागे खेळत होता. बॉल जॉइंट सैल. टाय रॉड एंडलाही प्ले. तो म्हणाला, "साहेब, खिळखिळ्या खाटेला कितीही समतल करा, माणूस झोपला की ती परत वाकडी. आधी खाट ठोका."

मग त्याने मशीन लावून पहिली प्रिंट काढली. डावीकडचा कॅम्बर उणे एक अंश चाळीस मिनिटं, लाल रंगात. उजवीकडचा उणे पस्तीस मिनिटं, हिरवा. टो दोन्हीकडे लाल. या प्रकारच्या बहुतेक गाड्यांत पुढचा कॅम्बर स्क्रू फिरवून बदलत नाही, फिरवता येतो तो फक्त टो. म्हणजे आधीच्या तीन ठिकाणी काय झालं असेल? टो फिरवून हिरवा केला, कॅम्बर लालच राहिला, पैसे घेतले, "हो गया" म्हणाले. पुढच्या आठवड्यात फाटलेलं बुश परत सरकलं आणि टो होता तिथे आला. कुणी प्रिंट दिली नाही, यानेही मागितली नाही. स्टिअरिंग सरळ झालं की आपल्याला वाटतं काम झालं.

बुश, बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड बदलल्यावर दुसरी प्रिंट निघाली. डावा कॅम्बर उणे पन्नास मिनिटं. टो हिरवा. एका कागदावर दोन रकाने, आधी आणि नंतर.

आता खर्चाचं बघा. दोन टायर एकवीस हजारांचे. बऱ्यापैकी चालले असते तर चाळीस हजार किलोमीटर गेले असते, गेले चौदा हजार. म्हणजे साडेतेरा हजार रुपयांचं रबर रस्त्यावर सांडलं. सुटे भाग आणि मजुरी अकरा हजार. एकूण साडेचोवीस हजारांच्या आसपास. शिफ्टमध्ये काम करणाऱ्या पोराचा हा जवळपास महिन्याचा पगार.

दोष कुणाचा? मी पत्रकार आहे, पण भाच्याचा वकील नाही. त्यामुळे आधी घरचं सांगतो. आधीच्या मालकाने हौस म्हणून सोळा इंचीच्या जागी सतरा इंची अलॉय टाकलेत. कंपनीच्या २०५/५५ आर १६ टायरची बाजूची भिंत ११३ मिलिमीटर उंच असते. आता आहे २१५/४५ आर १७, भिंत ९७ मिलिमीटर. म्हणजे खड्ड्याचा दणका पचवायला सोळा मिलिमीटर रबर कमी. ते दणके गेले बुशवर. दिसायला झकास, पण आपल्या रस्त्याला ते परवडत नाही. दुसरं, भाच्याने वर्षभरात पुढचे-मागचे टायर एकदाही अदलाबदल केले नाहीत. केले असते तर हे तेव्हाच दिसलं असतं. तिसरं, त्याने कागद मागितला नाही. ही त्याची चूक मी त्याच्या तोंडावर सांगितली आहे.

पण मिस्त्रीला मी विचारलं, डावीकडचंच बुश का फाटलं? तो हसला. "इथल्या दहा गाड्या आणा, सात-आठांचं डावंच आधी जातं. पाणी कुठे साचतं?"

आणि इथून रस्त्याचा विषय सुरू होतो.

कॅम्बर फक्त चाकाला नसतो, रस्त्यालाही असतो. शब्दसुद्धा तोच. रस्ता मधोमध किंचित उंच आणि दोन्ही कडांना उतरता असावा म्हणजे पाणी गटाराकडे जातं. जास्त पावसाच्या प्रदेशात डांबरी रस्त्याला साधारण अडीच टक्के उतार धरतात. सात मीटर रुंद रस्ता असेल तर मध्यापासून कडेपर्यंत पावणेनऊ सेंटिमीटर. हे इंजिनिअरिंगच्या पोराला शिकवतात, हे काही गुपित नाही. पाणी आणि डांबर यांचं वैर आहे. पाणी साचलं की भेगेतून खाली जातं, वरून वजनदार चाक गेलं की ते पाणी दाबाने खडीपासून डांबर सोडवतं, खालचा थर मऊ होतो, वरचा तुकडा निघतो. खड्डा वर दिसतो, पण आजार खाली असतो. टायरसारखंच. बाहेरून नक्षी चांगली, आतून तार.

आणि आपल्याकडे दुरुस्ती काय होते? पावसात खड्ड्यात खडी-डांबर किंवा पेव्हर ब्लॉक टाकायचा, वरून रोलर फिरवायचा, नाहीतर तेही नाही. पाणी कुठून आलं, गटार का तुंबलं, उतार आहे की नाही, हे बघायचं नाही. म्हणजे फाटलेलं बुश तसंच ठेवून टो हिरवा करायचा. आठवड्यात खड्डा परत होता तिथे. भाच्याची तीन वेळची अलाइनमेंट आणि आपल्या रस्त्याची दर पावसाळ्यातली डागडुजी हा एकच धंदा आहे.

आता कुणी म्हणेल, तळोजाचा रस्ता ट्रक खराब करतात. खरं आहे. एमआयडीसी, कळंबोलीचं लोखंड बाजार, जेएनपीटीचे कंटेनर, सगळं याच पट्ट्यातून जातं. पन्नासच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात रस्त्यांवर मोठी चाचणी झाली होती. त्यातून आलेला ढोबळ नियम जगभर वापरतात, तो असा की ॲक्सलवरचं वजन जितक्या पट वाढतं, रस्त्याचं नुकसान त्याच्या चौथ्या घाताने वाढतं. वजन दुप्पट तर नुकसान सोळापट. जुलै २०१८ मध्ये केंद्राने चार टायरांच्या एका ॲक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली. ऐकायला सव्वा टन जास्त. चौथ्या घाताने हिशोब केला तर प्रत्येक ॲक्सलमागे नुकसान साठ टक्क्यांनी जास्त, तेही नियमात राहून. भाच्याच्या गाडीच्या ॲक्सलवर पाऊण टन धरा. त्या हिशोबाने ट्रकचा एक ॲक्सल तिच्या एका ॲक्सलच्या पन्नास हजार पटीहून जास्त नुकसान करतो.

पण म्हणून ट्रकवाल्याला शिव्या देऊन उपयोग नाही. तो माल आणतो म्हणून भाच्याची कंपनी चालते. त्याचेही टायर याच रस्त्यावर झिजतात, आणि त्याच्या एका गाडीला टायर चार नसतात, दहा नाहीतर त्याहून जास्त असतात. अवजड वाहतूक येणार हे औद्योगिक वसाहत आखतानाच माहीत होतं. अवजड वाहतुकीचा रस्ता अवजड वाहतुकीसाठीच बांधायचा असतो. "पाऊस फार झाला" आणि "ट्रक फार वाढले" ही दोन उत्तरं मी वीस वर्षं बातमीत छापतोय. कोकणात पाऊस पडतो ही बातमी नाही. एमआयडीसीत ट्रक येतात ही पण बातमी नाही.

मग विचारायचं कुणाला? इथेच खरी गंमत. पनवेल महानगरपालिका १ ऑक्टोबर २०१६ ला झाली. पण या परिसरात कुठला रस्ता महापालिकेचा, कुठला सिडकोचा, कुठला एमआयडीसीचा, कुठला सार्वजनिक बांधकामचा, कुठला एमएसआरडीसीचा तर कुठला राष्ट्रीय महामार्गाचा. घरातून निघून कामावर पोचेपर्यंत माणूस दोन-तीन मालकांच्या रस्त्यावरून जातो, खड्डा मात्र सगळीकडे सारखाच. फोन केला की प्रत्येक जण म्हणतो, तो तुकडा आमचा नाही. मालमत्ता करावरून इथे केवढं रामायण झालं ते तुम्हाला आठवत असेल. कर मागताना हद्द अगदी स्पष्ट असते, खड्डा बुजवताना ती धूसर होते.

आणि कर आपण देतोच. महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला बारा टक्के एकरकमी वाहन कर आहे. चौदा लाखांची गाडी असेल तर एक लाख अडुसष्ट हजार रुपये, गाडी रस्त्यावर यायच्या आधी. टायरवर जीएसटी वेगळा. तो २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्याबद्दल आभार. पण चाळीस हजारचा टायर चौदा हजारात संपला तर त्या दहा टक्क्यांचं काय करायचं? खराब रस्त्यामुळे वाया जाणारं रबर, बुश, शॉकअप हाही एक करच आहे. त्याची पावती फाडत नाहीत, म्हणून अर्थसंकल्पात तो दिसत नाही. तो आपल्या घरखर्चाच्या वहीत आतल्या बाजूला लिहिलेला असतो.

मला माहीत आहे, काही जण म्हणतील, लाल सेडानवाल्याच्या टायरचं काय रडगाणं लावलंय, इथे दुचाकीवाले मरतात. बरोबर आहे, आणि मी तेच सांगतोय. २०१५ मध्ये जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर खड्ड्यामुळे दादाराव बिल्होरे यांचा तरुण मुलगा गेला. तेव्हापासून तो बाप मुंबईत स्वतःच्या हाताने खड्डे बुजवत फिरतोय. ज्या खड्ड्याने चारचाकीचं बुश फाटतं, त्याच खड्ड्याने दुचाकी आडवी होते. गाडीवाल्याकडे निदान कागदावर छापलेला पुरावा असतो. दुचाकीवाल्याकडे तोही नसतो, आणि गाव म्हणतं, "जोरात चालवत असेल." म्हणून ज्याच्याकडे पुरावा आहे त्याने बोलायला पाहिजे.

कोर्ट बोललं आहे. चांगले रस्ते हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं मुंबई उच्च न्यायालयाने वेळोवेळी सांगितलं. १३ ऑक्टोबर २०२५ ला तर न्यायालयाने आकडेच ठरवून दिले. खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना सहा लाख, जखमी झाल्यास पन्नास हजार ते अडीच लाख, आणि ही रक्कम जबाबदार अधिकारी व ठेकेदारांकडून वसूल करावी. खड्ड्याची माहिती मिळाल्यापासून ४८ तासांत दखल घ्यायची. भरपाई ठरवायला महापालिका पातळीवर आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती. निकाल चांगला आहे, तो कापून घरात ठेवा. पण त्याचा उपयोग माणूस मेल्यावर किंवा पडल्यावर. मला माणूस पडायच्या आधीचं हवंय. फाटायला आलेला टायर ही आधीची खूण आहे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. अलाइनमेंटवाल्याकडून जी प्रिंट मागायची, तीच रस्तेवाल्यांकडून मागायची. आधी आणि नंतर. रस्त्याच्या प्रत्येक दुरुस्तीच्या ठिकाणी एक फलक हवा. रस्ता कुठल्या खात्याचा, ठेकेदार कोण, काम कधी झालं, किती जाडीचा थर, उतार किती टक्के होता आणि आता किती आहे, आणि दोष दायित्व कालावधी कधी संपतो. या कालावधीत रस्ता बिघडला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो, तो आपल्या पैशातून परत करून घ्यायचा नसतो. ही माहिती खात्याकडे असतेच, मोजमाप पुस्तिकेत आकडे लिहिल्याशिवाय बिल निघत नाही. फक्त ती पुस्तिका कपाटात असते आणि खड्डा रस्त्यावर.

आणि गतिरोधक. भारतीय रस्ते काँग्रेसचा जुना नियम आहे, गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. पुढच्या वेळी गाडी थांबवून पावलांनी मोजा. आपल्याकडे एका रात्रीत उगवणारा, दोन पावलं रुंद, न रंगवलेला डांबराचा बांध याला गतिरोधक म्हणत नाहीत.

आता आपल्या हातातलं. हे मी मिस्त्रीकडून शिकलो, तुम्हीही करा, गाडी लाल नसली तरी.

महिन्यातून एकदा स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा आणि पुढच्या टायरची आतली कड डोळ्यांनी बघा. मग दुसऱ्या बाजूला. गाडी बंद, हँडब्रेक लावलेला. हात फिरवायचा तर जपून, तार निघाली असेल तर बोट कापतं. आतून बाहेर हात फिरवताना गुळगुळीत आणि बाहेरून आत फिरवताना खरखरीत, किंवा याच्या उलट लागलं, तर टो बिघडलाय.

टायरच्या खाचेत छोटे आडवे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. केंद्रीय मोटार वाहन नियमांत कारसाठी किमान १.६ मिलिमीटर नक्षी सांगितलीय. ही मर्यादा आहे, ध्येय नाही. आपल्या पावसात त्याच्या आधीच बदललेला बरा, कारण नक्षीचं मुख्य काम पाणी बाजूला काढणं आहे. ते जमलं नाही की टायर पाण्यावर तरंगतो आणि ब्रेक दाबून उपयोग होत नाही.

हवा टायर थंड असताना तपासा. टायर दर आठ-दहा हजार किलोमीटरला पुढचे-मागचे बदला. अलाइनमेंटला गेलात की आधी गाडी वर घेऊन प्ले तपासायला सांगा, मग मशीन. आणि आधी-नंतरची प्रिंट घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. टो हिरवा आणि कॅम्बर लाल असेल तर "का?" विचारा. चांगला मिस्त्री रागावत नाही, उलट खूश होतो.

ती प्रिंट आणि बिल जपून ठेवा. खड्ड्यात गाडी आदळली तर फोटो, वेळ, ठिकाण टिपा आणि लेखी तक्रार करा, पोच घ्या. ४८ तासांचं घड्याळ कधी सुरू झालं हे दाखवायला तो कागदच लागेल.

मी माझ्यापुरतं सुरू केलंय. माहिती अधिकाराचे दहा-दहा रुपयांचे तीन अर्ज लिहून तयार आहेत. नावडे फाटा ते तळोजा या आमच्या रोजच्या रस्त्याचा कुठला तुकडा कुणाचा, शेवटचं काम कधी झालं, दोष दायित्व कधी संपतो आणि मोजमाप पुस्तिकेची प्रत. सोमवारी देतोय. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. काय येईल ते इथेच टाकेन, "सदर रस्ता या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही" असं आलं तरी टाकेन.

भाच्याच्या गाडीला नवे टायर बसले, या वेळी सोळा इंची रिमवर. जुने अलॉय विकायला काढलेत, कुणाला हवे असतील तर मला विचारू नका. गावाला सगळे त्याच गाडीतून जाणार आहेत. पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाचं काम २०११ मध्ये सुरू झालं होतं, तेव्हा हा भाचा शाळेत होता. आता तो आजीला त्याच रस्त्याने घेऊन चाललाय. निघण्याआधी ताईने नारळ वाढवला, आणि भावोजींनी आयुष्यात पहिल्यांदा वाकून चारही टायर आतून बघितले.

तुमच्याकडे अलाइनमेंटची आधी-नंतरची प्रिंट असेल तर कमेंटमध्ये टाका, गाडीचा नंबर आणि दुकानाचं नाव झाकून. रोज कुठल्या रस्त्याने जाता तेवढं लिहा. पन्नास प्रिंट जमल्या तर रस्त्यानुसार लावून बघू. मग ते कागद घेऊन ज्याच्या त्याच्या कार्यालयात जाऊ. कोण येतंय सांगा.